छेदात नसलेलं बाळ

कंपनीने मला सात महिन्यांसाठी लंडनला पाठवलं होतं तेव्हाची गोष्ट. ऑफिस ओल्ड स्ट्रीट स्टेशनपासून पाच मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे दुपारी डबा उघडून "घे रे, भरली वांगी आहेत" म्हणणारं कुणी नाही, जो तो आपलं सँडविच घेऊन स्क्रीनसमोर बसतो, मग मी आपला जेवणाच्या सुट्टीत चालायला लागलो. सिटी रोडला लागून बनहिल फील्ड्स नावाचं जुनं कबरस्तान आहे, १८५४ पासून तिथे दफन बंद, आता मोठाल्या झाडांखाली बाकं टाकलीयत, खारी पायाशी येऊन उभ्या राहतात आणि लोक थडग्यांकडे पाठ करून निवांत पास्ता खात बसतात.

मी विमा धंद्यातला माणूस, म्हणजे एजंट नाही, आत बसून आकडे बघणारा. किती वयाची किती माणसं वर्षभरात जाणार याचे तक्ते ही आमची भाजीभाकरी. त्यामुळे या कबरस्तानात थॉमस बेझची, म्हणजे संभाव्यतेच्या गणितातल्या एका मोठ्या माणसाची, कबर आहे हे कळल्यावर मी चक्क चप्पल काढावी की काय अशा विचारात पडलो होतो. आणि तिथेच रिचर्ड प्राइससुद्धा आहे. बेझ गेल्यावर त्याचे कागद धुंडाळून १७६३ मध्ये तो प्रसिद्ध निबंध छापून आणला तो याच प्राइसने, पण आमच्या धंद्यात प्राइस ओळखला जातो तो एका चुकीसाठी. नॉर्दम्प्टन गावातल्या चर्चच्या नोंदींवरून त्याने आयुर्मानाचा तक्ता बनवला. बाप्तिस्मे म्हणजे जन्म, दफनं म्हणजे मृत्यू, सोपा हिशोब. पण गावात बॅप्टिस्ट पंथाची माणसं बरीच, ते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत. म्हणजे जन्माच्या वहीत त्यांचं नावच नाही, मेल्यावर मात्र माणसाला पुरावं लागतंच. जन्म कमी दिसले, मृत्यू आहेत तितके दिसले, आणि कागदावर ते गाव होतं त्यापेक्षा जास्त जीवघेणं झालं. त्या तक्त्यावर हप्ते लावणाऱ्या विमा कंपनीची चंगळ झाली कारण लोक ठरल्या वेळेला मरेचनात, आणि नंतर सरकारने त्याच तक्त्यावर पेन्शनसारख्या ॲन्युइटी विकल्या तर सरकार गाळात गेलं, कारण तेच, लोक मरेचनात.

अंश बरोबर, छेद चुकला. परीक्षेला हे वाचलं होतं तेव्हा हसलो होतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर या सगळ्या भागाचं जुनं नाव फिन्सबरी. (फिन्सबरी पार्क वेगळं, ते बरंच उत्तरेला, मी पहिल्या दिवशी घर बघायला तिथेच जाऊन पोचलो होतो.) १९०० साली लंडनचे २८ बरो, म्हणजे नगरपालिकेसारखे विभाग, पाडले त्यातला हा एक चिमुकला बरो, क्लार्कनवेल आणि सेंट ल्यूक्स वगैरे जुने पॅरिश, म्हणजे चर्चवार वस्त्या, एकत्र करून केलेला, १९६५ मध्ये इझलिंग्टनमध्ये विरघळून गेला. सहाशे एकरांहून कमी जागा आणि १९०१ च्या शिरगणतीत माणसं लाखभर. आपल्याला हे नाव माहीत असायचं कारण एकच, दादाभाई नवरोजी. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले होते ते. रोझबेरी अव्हेन्यूवरच्या जुन्या टाउन हॉलवर त्यांची पाटी आहे, जवळच एक नवरोजी स्ट्रीटही आहे, छोटीशी, वळणावरची. शाळेत आपल्याला "भारताचे पितामह" एवढंच पाठ करायला लावतात, पण दादाभाई मूळचे गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांनी केलं काय तर देशाचं उत्पन्न काढलं, त्याला माणसांनी भागलं, आणि १८६७ ते १८७० च्या सुमाराला माणशी वर्षाला २० रुपये येतात असं सांगितलं. मग शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्याचा खर्च मांडला, तो याहून जास्त. भागाकार एवढा एकच, पण त्याने साम्राज्याला घाम फोडला. मला त्या पाटीखाली उभं राहून फार बरं वाटलं, आपल्याच खात्यातला माणूस भेटल्यासारखं.

दादाभाई १८९५ ला हरले आणि पाचच वर्षांनी याच भागात दुसरा एक भागाकारवाला आला. जॉर्ज न्यूमन. वय तिशी, क्वेकर पंथाचा, जंतूशास्त्र शिकलेला डॉक्टर. नव्या बरोचा हेल्थ ऑफिसर म्हणून नेमला गेला. कायद्याने प्रत्येक बरोच्या हेल्थ ऑफिसरला दरवर्षी रिपोर्ट छापावा लागे, किती जन्मले, किती मेले, कशाने मेले, किती गटारं तुंबली, किती दूधवाल्यांचे नमुने भेसळीचे निघाले, सगळं. हे रिपोर्ट आता वेलकम लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवलेत. माझ्या भाड्याच्या खोलीत टीव्ही होता पण त्यावर बेकिंगच्या स्पर्धा सोडून काही नसायचं, म्हणून रात्री मी हे वाचायला लागलो आणि खरं सांगतो, व्यसन लागलं. ऑफिसात दिवसभर मेलेल्यांचे आकडे, घरी येऊन आणखी जुने मेलेल्यांचे आकडे. बायको फोनवर म्हणाली, तू ठीक आहेस ना.

आधी हा भाग तेव्हा कसा होता ते सांगतो. क्लार्कनवेल म्हणजे घड्याळजी, सोनार, छापखानेवाले, खिळे जुळवणारे. सॅफ्रन हिलच्या बाजूला इटालियन लोकांची वस्ती, ते हातगाडीवर आइसक्रीम विकायचे, आणि हेल्थ ऑफिसरांना त्या आइसक्रीमचं भयंकर वावडं, कारण ते बनायचं त्याच खोलीत जिथे घरचे झोपायचे. व्हाइटक्रॉस स्ट्रीटवर हातगाड्यांचा बाजार, आजही आहे पण आता तिथे बाओ आणि बुरिटो मिळतात. लेनिन १९०२-०३ मध्ये इथेच हॉलफर्ड स्क्वेअरला भाड्याने राहत होता, त्याचं क्रांतीचं वर्तमानपत्र क्लार्कनवेल ग्रीनवर छापलं जायचं. मोठाली जुनी घरं, कधीकाळी बऱ्या लोकांची, ती खोलीखोलीने भाड्याने दिलेली. जिन्यात अंधार, अंगणात एक नळ, एक संडास, त्यात किती कुटुंबं ते विचारू नका. हे वाचताना मला लंडन डोळ्यासमोर येईचना, सारखी लालबागची आमची चाळ येत होती, फक्त गॅलरी नाही आणि धुराड्यांतून धूर जास्त.

आता मुख्य गोष्ट. न्यूमनने काय केलं तर वर्षभरात बरोमध्ये जी माणसं मेली त्यांतला प्रत्येक जण किती खोल्यांच्या घरात राहत होता ते शोधून काढलं. आणि शिरगणतीवरून किती माणसं एका खोलीत, किती दोन खोल्यांत राहतात ते घेतलं. एका खोलीत राहणारी माणसं सुमारे १४,५०० होती. मग भागाकार. १९०३ चा तक्ता असा येतो: एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी जवळपास ३९ मृत्यू, दोन खोल्यांत २२-२३, तीन खोल्यांत १२ च्या आत, चार किंवा जास्त खोल्या असल्या तर ६ च्याही आत.

मी तो तक्ता बघून उठून पाणी प्यालो.

म्हणजे बघा, तोच रस्ता, तोच पाऊस, तेच धुकं, तोच दूधवाला, आणि एक भिंत वाढली की मरण निम्म्यावर. इतका सुंदर उतरता तक्ता मला तीस वर्षांच्या नोकरीत क्वचित दिसलाय, आणि इतका सुंदर तक्ता दिसला की आमच्या खात्यात पहिल्यांदा संशय घ्यायला शिकवतात. कारण एका खोलीत कोण राहतं? ज्याचा धंदा बसला तो, जिचा नवरा गेला ती, म्हातारी एकटी बाई, ज्याला क्षय झाला म्हणून कामावरून काढलं आणि दोन खोल्यांचं भाडं झेपेना म्हणून एका खोलीत आला तो. त्या काळी क्षयाची नोंद करणं सगळ्यांना बंधनकारकही नव्हतं, ते १९१२ च्या नियमांनी झालं, तोवर लोक खोकत खोकत एकेक खोली कमी करत जायचे. म्हणजे खोलीने माणूस मारला की मरणाच्या वाटेवरचा माणूस खोलीत येऊन पडला, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. शिवाय चार खोल्यांवाल्यांत धट्टीकट्टी कमावती मंडळी जास्त असणार, वयाचा हिशोब वेगळा केल्याशिवाय ही तुलना पूर्ण खरी नाही. हे सगळं मला कळतं. तरी ३९ आणि ६ यांच्यातलं अंतर एवढ्या खुसपटांनी भरून निघत नाही हो.

आणि छेदाची भानगड न्यूमनच्या काळात रोजचीच होती. सिटी रोडवर बायकांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं, बरोच्या हद्दीत. तिथे लंडनभरच्या बायका येणार, म्हणजे फिन्सबरीच्या जन्मांत ती परक्यांची बाळं येऊन बसणार, ती वजा केली नाहीत तर जन्म फुगतात आणि बालमृत्यूचा दर आपोआप छान दिसतो. उलट फिन्सबरीचा माणूस मरायचा कुठे, तर हद्दीच्या जेमतेम बाहेर असलेल्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये, त्याचं मरण परत आणून आपल्या खात्यात मांडायचं. ही मरणांची आवकजावक करायला कारकून बसलेले असायचे. कंटाळवाणं काम. पण ते केलं नाही तर ज्या बरोमध्ये हॉस्पिटल तो बरो रोगट आणि ज्याने आपले सगळे आजारी शेजाऱ्याकडे ढकलले तो निरोगी.

तान्ह्या बाळांचं प्रकरण तर वेगळंच. अख्ख्या इंग्लंड आणि वेल्समध्ये १८९९ साली जन्मलेल्या हजार बाळांमागे १६३ वर्षाच्या आत गेली. गंमत म्हणजे मोठ्या माणसांचं मरण तोपर्यंत बरंच उतरलं होतं, गटारं आली, पाणी आलं, देवी आटोक्यात आली, पण बाळं काही ऐकेनात. त्यात बोअर युद्धाला भरती करताना शहरातली पोरं इतकी किडकिडीत निघाली की सरकार हादरलं, १९०४ मध्ये शारीरिक ऱ्हासावर कमिटीचा रिपोर्ट आला. साम्राज्याला सैनिक कमी पडताहेत म्हटल्यावर बाळांची किंमत वाढली, असं कडू बोलायचं तर बोलता येतं. हडर्सफील्डच्या महापौराने तर आपल्या भागात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या वाढदिवसाला एक पौंड द्यायचं कबूल केलं होतं. बक्षीस कशाचं, तर जगण्याचं.

मृत्यूच्या दाखल्यांवरची कारणं वाचताना मला आजीचे शब्द आठवत होते. आकडी. अशक्तपणा. झिजणं. महिने भरायच्या आत जन्म. हे रोग नव्हेत, बाळ जाताना कसं दिसलं त्याची वर्णनं आहेत. "अंगाखाली चिरडून" असाही एक रकाना असायचा, म्हणजे आईबापांच्या पलंगावर झोपलेलं बाळ सकाळी मेलेलं सापडलं. हे शनिवारी रात्री जास्त व्हायचं आणि मग कोर्टात दारूवर चर्चा. १९०८ च्या बालकायद्याने दारूच्या नशेत असं झालं तर तो गुन्हा ठरवला. त्यातली किती खरंच चिरडून गेली आणि किती आपोआप गेली देव जाणे. एका खोलीत पलंग एक, थंडी हाडं गोठवणारी, बाळ दुसरीकडे ठेवणार कुठे? समाजसेवक बायका मग केळ्यांच्या लाकडी खोक्याचा पाळणा कसा करायचा ते शिकवायच्या. हे वाचून मला आमच्याकडची आडव्या वाशाला टांगलेली जुन्या लुगड्याची झोळी इतकी आठवली. एका खोलीत नऊ माणसं आणि बाळ हवेत. त्या एका बाबतीत तरी आपण पुढे होतो.

पण खरा मारेकरी उन्हाळा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. हगवण. लंडनचा उन्हाळा म्हणजे आपल्याला हसूच येईल, पण त्या तीन महिन्यांत बाळं माशांसारखी जायची आणि मेख तीच होती, माशा. रस्ते घोड्यांच्या लिदीने भरलेले, माशा लिदीवरून उठून दुधावर. दूध रात्रीच्या गाड्यांनी लांबच्या जिल्ह्यांतून यायचं, उघड्या बरण्यांतून दुकानात विकलं जायचं, खोलीत ठेवायला फळी सोडून जागा नाही. ज्यांना ताजं परवडत नाही ते डब्यातलं साय काढलेलं गोड आटवलेलं दूध पाण्यात कालवून पाजायचे, त्यात साखर होती, बाळ गुटगुटीतही दिसायचं, आणि हाडांत मुडदूस. शिवाय ती लांब रबरी नळीची बाटली. बाळाच्या तोंडात नळी दिली की आईचे हात मोकळे, आणि ती नळी आतून कधीच साफ व्हायची नाही. न्यूमन जंतूशास्त्रवाला, त्याने दुधाचा पिच्छाच पुरवला, १९०४ मध्ये फिन्सबरीत बाळांसाठी तपासलेल्या दुधाचं केंद्र निघालं. आईच्या दुधावरच्या बाळांना हगवण कितीतरी कमी लागते, वरच्या दुधावरची जातात, हे तो पुन्हापुन्हा आकड्यांनी दाखवत होता, आणि यात तो शंभर टक्के बरोबर होता.

इथेच मला त्याचा राग येतो.

कारण १९०६ साली त्याने बालमृत्यूवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात निष्कर्ष काय, तर हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही, घरांचा नाही, गरिबीचाही असा नाही, मुख्यत्वे मातृत्वाचा आहे. आई अडाणी, आई कामाला जाते, आई पाजत नाही. अरे बाबा! ज्याने खोल्या मोजल्या, ३९ आणि ६ ज्याच्या हाताने लिहिले गेले, तोच शेवटी बोट दाखवतो ते त्या खोलीतल्या बाईकडे. मला कळतं त्याचं काय झालं असेल. हेल्थ ऑफिसरच्या हातात घरं बांधायचे पैसे नव्हते, मजुरी वाढवायचा अधिकार नव्हता, एक बाई इन्स्पेक्टर दारोदार पाठवून "बाटली उकळा" सांगणं तेवढं जमण्यासारखं होतं. जे जमतं तेच कारण वाटायला लागतं. आमच्या ऑफिसातही रोज हेच होतं.

नंतर १९११ च्या शिरगणतीत बापाच्या धंद्याप्रमाणे बालमृत्यू काढले गेले. वरच्या वर्गात हजारी ७६, अकुशल मजुरांत १५३ च्या आसपास, खाणकामगारांत १६०. आणि शेतमजुरांत? ९७. शेतमजूर म्हणजे सगळ्यात कमी मजुरीवाला, बायको शहरातल्या बाईपेक्षा काही जास्त शिकलेली नाही. पण उघड्यावर, लांबलांब घरं, दूध शेजारच्या गाईचं. जर आईचं अज्ञानच मारत असेल तर शेतमजुराची बाळं का जगत होती? न्यूमन पुस्तक लिहीत होता तेव्हा हा तक्ता नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच १९११ चा उन्हाळा भयंकर तापला आणि देशाचा बालमृत्यूदर आदल्या वर्षीच्या १०५ वरून १३० वर गेला, पुढच्या वर्षी गार, पावसाळी उन्हाळा, की ९५. एका वर्षात देशभरच्या आया अडाणी झाल्या आणि पुढच्या वर्षी शहाण्या, असं तर नाही ना.

माझा आवाज चढलाय हे मला दिसतंय. कारण आहे.

असाच खोल्यांप्रमाणे मृत्यूचा तक्ता पुढे मुंबईत बनला. १९२१ चा. मुंबईतल्या तान्ह्या बाळांचा, हजार जन्मांमागे. चार किंवा जास्त खोल्या, १३३. तीन खोल्या, १९१. दोन खोल्या, ३२२. एक खोली किंवा त्याहून कमी, ८२८.

आठशे अठ्ठावीस. हजारांतली. म्हणजे शंभरातल्या सतरा-अठरा बाळांखेरीज कुणी वर्षाचं होतच नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक. मग खोल्या कुणाच्या ते डोळ्यासमोर आलं आणि छेद दिसला. गिरणगावातली माणसं कुठली? कोकणातली, घाटावरची. बाई अडली की जाते कुठे? माहेरी. बाळ जन्मतं राजापुरात, देवगडात, साताऱ्यात, तिथे नोंद झाली तर झाली. तीन-चार महिन्यांनी आई बाळाला घेऊन बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरते. बाळ खोलीत येतं. आणि पावसाळ्यात जातं. मुंबईच्या जन्माच्या वहीत ते कधी नव्हतंच, मरणाच्या वहीत आहे. समजा खोलीत शंभर बाळं आहेत, त्यांतली पन्नास गावी जन्मली, वर्षात चाळीस गेली, तर खरा दर चारशे, पण मुंबईच्या वहीत पन्नासच जन्म म्हणून हिशोब येतो आठशे. नॉर्दम्प्टनचे बॅप्टिस्ट आणि आमचे चाकरमानी, दोघांची बाळं एकाच भोकातून गळली.

माझी आजी राजापूर तालुक्यातली. बाळंतपणाला माहेरी गेली, पहिला मुलगा झाला, तीन महिन्यांचा असताना लालबागच्या खोलीत घेऊन आली. साल १९३१ की ३२, तिला ते इंग्रजी सालात कधी सांगता आलं नाही, "प्लेगानंतर लय वर्षांनी" असं म्हणायची. ती गिरणीत वाइंडिंगला जायची. बाळ शेजारणीकडे, बाळागोळी देऊन. बाळागोळीत अफू असते हे गिरणगावात सगळ्यांना माहीत होतं, बाळ झोपायचं, पाळीभर रडायचं नाही. वरचं दूध. आठव्या महिन्यात, आषाढात, दोन दिवस हगवण लागली आणि गेलं. आजोबा आणि चाळीतले दोघं घेऊन गेले, रजिस्टरात नाव लिहिल्याशिवाय पुरू देईनात म्हणून कारकुनाने नाव विचारलं.

म्हणजे अंशात एक.

आजीला लोक काय बोलले ते तिने मला कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं. वरचं दूध पाजलंन म्हणून गेला. पोटच्या पोराला टाकून कामावर जाते. जवळपास न्यूमनचंच वाक्य, फक्त न्यूमनने ते पुस्तकात लिहिलं आणि सामंतकाकूंनी नळावर म्हटलं. आजी मात्र पोरं मोजायची ती बोटं मिटून मोजायची. करंगळी मिटायची, गप्प, मग पुढच्या बोटापासून नावं सुरू, "माझा भाऊ, माझी शालू, ..." मी लहानपणी तिला टोकायचो, आजी तू एक बोट जास्त मिटतेस, हिशोब चुकला. शाळेत गणितात पहिला यायचो ना मी.

लंडनमधल्या शेवटच्या आठवड्यात मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणजे आजीच्या बोटांवरचा तो "माझा भाऊ", तिचा मुलगा, ते आता ऐंशीच्या पुढे, वाढदिवस एक जून, अर्थातच, मास्तरांनी अर्ध्या वर्गाचा तोच लिहिलेला. मी विचारलं, बाबा, त्या पहिल्या बाळाचं नाव काय होतं हो?

"कुठलं बाळ?"

"आजीचं. तुमच्या आधीचं."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "थोरला म्हणायची आई त्याला. नाव ठेवलंवतं की नाय मला काय माहीत, मी नव्हतो तेव्हा." मागे टीव्हीवर मराठी सिरियलचं संगीत वाजत होतं. "पण रजिस्टरात लिहिलंय म्हणाले ना आजोबा," मी म्हटलं, "स्मशानात. म्हणजे काहीतरी नाव सांगितलं असणार."

"सांगितलं असेल," बाबा म्हणाले. "तिथे थंडी सुरू झाली का रे? कानटोपी नेलीयस ना?"